न चढणारा रंग

पडद्यावर निळं काही उमटलंच नाही, तेव्हा तिनं आधी यंत्राला शिव्या घातल्या. यंत्राला शिव्या घालण्याचा तिथे शिरस्ताच होता, आणि यंत्र बिचारं कपाटाएवढं असूनही मुकाट ऐकून घेत असे. काम सांगायला तसं सोपं. रोग्याच्या रक्तातल्या पेशींना वेगवेगळे रंग चढवायचे, मग त्या एकीमागून एक प्रकाशाच्या बारीक झोतासमोरून पळवायच्या. पडद्यावर एकेका पेशीचा एकेक ठिपका पडत जातो. ठिपक्यांचा थवा जमला की माउसनं त्याच्याभोवती कुंपण काढायचं आणि आतले मोजायचे. बावीस वर्षं ती हेच करत होती, आणि निळ्यांचा थवा कुठे बसतो हे तिनं डोळे मिटूनही सांगितलं असतं. आज तिथे काही नव्हतं. मंगळवार, सकाळचे सव्वादहा, चौतीस क्रमांकाची नळी, आणि निळ्याच्या जागी नुसता काळा चौकोन. तिनं झोत तपासला, रंगाच्या बाटलीवरची तारीख पाहिली, दुसऱ्या एका रोग्याचं शिल्लक रक्त लावून पाहिलं. त्यात निळा ठणठणीत आला. म्हणजे यंत्र धडधाकट, रंगही धडधाकट. मग मात्र ती पडद्यापासून मागे सरली, कारण निळा न चढणारं एकच रक्त तिला ठाऊक होतं, आणि ते तिचं स्वतःचं होतं.

"आज निरोगी कोण?" असा प्रश्न प्रयोगशाळेत दर मंगळवारी विचारला जाई. रोग्याच्या रक्ताशी ताडून बघायला एक निरोगी रक्त लागतं, आणि निरोगी माणसं काही इस्पितळात रांग लावून उभी नसतात. तेव्हा काम करणाऱ्यांपैकीच कुणीतरी बाही वर करायची. त्या दिवशी कुणाला नेमकी सर्दी होई, कुणाचा दंड आधीच दुखत असे, आणि फिरून फिरून सगळ्यांच्या नजरा बाईंवर येऊन थांबत. तिला तिथे सगळे बाई म्हणत. बाईंची शीर चांगली, बाईंची आता घरी कुणी वाट बघत नाही, आणि मुख्य म्हणजे बाई नाही म्हणत नाहीत. रक्त काढणारा म्हातारा, ज्याला सगळे तोंडावर डास म्हणत आणि जो स्वतःही फोन उचलून "डास बोलतोय" म्हणे, तिच्या दंडावर टिचकी मारत दर वेळी सांगायचा, "बाई, सगळ्यांची शीर अशी असती ना, तर माझा कुठेतरी पुतळा उभा राहिला असता." तिच्या रक्ताची निळ्याची खोड अगदी पहिल्या वर्षी सापडली होती. तो रंग पेशीच्या ज्या कोपऱ्याला चिकटतो तो कोपरा तिच्यात जन्मापासूनच जरा वेगळा होता. आजार नाही की काही नाही. हजारांत एखाद्याचं असतं तसं. तिच्या नळीत मग निळ्याच्या जागी दुसरा, हिरवा रंग घालत आणि तो मुकाट चढे. "बाईंना निळा खपत नाही" हा विनोद झाला, शिळा झाला, आणि शिळा होऊनही चालू राहिला. आता तिनं चौतीस क्रमांकाच्या नळीत हिरवा घातला. हिरव्यांचा थवा जागच्या जागी येऊन बसला. शाबास, ती मनात म्हणाली, बावीस वर्षांनी दोन्ही नळ्यांत स्वतःलाच ओतून मोकळी झालीस. तिच्या धंद्यातल्या माणसानं करायची ही सगळ्यांत मोठी चूक, निरोगी आणि रोगी शेजारी ठेवायचे आणि एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर मोजायचं.

पण चौतीस क्रमांकाची आणखी एक नळी शीतकपाटात होती. तिचं बूच अजून उघडलेलंही नव्हतं. डासनं खालच्या मजल्यावर रोग्याच्या हातातून घेतली, लेबल लावलं आणि वर पाठवली तशीच. तिनं ती उघडली, रंग चढवले, अर्धा तास वाट पाहिली. या अर्ध्या तासात ती खिडकीशी जाऊन आली, हात धुऊन आली, आणि कुणीतरी विसरलेला गार चहा तो कुणाचा हे न बघताच पिऊन गेली. मग पडदा पाहिला. निळा नाही. हिरवा आहे. म्हणजे अदलाबदल नव्हतीच. खालच्या मजल्यावर कुणीतरी एक माणूस येऊन गेला होता, आणि त्याच्या अंगात तिचं रक्त फिरत होतं.

नळीबरोबर एक कागद येतो. त्यावर नाव नसतं, रोग्यानं स्वतः भरायची माहिती असते. मोजणी संपेपर्यंत डॉक्टर तो बघत नाहीत. बाईंनी फक्त क्रमांक जुळवायचा आणि फाइलीत लावायचा. तिनं तो उलगडून वाचला. पुरुष, वय सत्तेचाळीस. रक्ताचा कॅन्सर. चार वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या पेशी अंगात घातल्या. कॅन्सर आता नाही. तक्रारी: कातडी ताठ झाली आहे, तोंड कोरडं, तोंडात फोड, डोळ्यांत पाणी येत नाही. पेशी कुणी दिल्या: बहिणीनं. या अभ्यासासाठी बहिणीशी संपर्क साधला तर चालेल का: नाही. 'नाही'खाली दोन रेघा होत्या, पट्टी लावून मारल्यासारख्या सरळ. तिचा धाकटा भाऊ शाळेत भूगोल शिकवायचा आणि फळ्यावर नद्यांच्या नावांखाली अशाच दोन रेघा मारायचा, एक पाण्याची आणि एक मास्तरची, असं मुलांना सांगायचा. चार वर्षांत तिनं त्याचं अक्षर पाहिलं नव्हतं, आवाज ऐकला नव्हता. आता त्याचा एकच शब्द तिच्या हातात आला होता आणि तो हा होता. ती खुर्चीत बसली. आपल्याला वाईट वाटतंय, फार वाईट वाटतंय, हे तिला स्वच्छ कळत होतं, आणि तरी हात सवयीनं नळ्या ओळीत लावत होता.

हा सगळा अभ्यास ज्या पेशींसाठी चालला होता त्यांना तिथे आवरणाऱ्या पेशी म्हणत. बी पेशींच्या मोठ्या कुळातली ही एक बारकी शाखा. बाकीचं कुळ लढायला मदत करणारं. ह्यांचं काम मात्र लढणाऱ्यांना दटावणं, पुरे आता, हा आपलाच माणूस आहे, घरी चला, असं सांगणं. रक्ताच्या कॅन्सरच्या रोग्याला दुसऱ्याच्या पेशी देतात तेव्हा आधी लढवय्ये पोचतात. ते कॅन्सर निपटतात, आणि मग हाताला काम राहत नाही म्हणून ज्याच्या घरी उतरले त्याच्याच भिंती पाडायला लागतात. कातडी, तोंड, डोळे. आवरणाऱ्या मागून येतात, उशिरा येतात, काहींच्या बाबतीत येतच नाहीत. बाईंच्या स्वतःच्या रक्तात त्या शंभरात सहा-सात निघत, प्रयोगशाळेत सगळ्यांत जास्त, आणि त्यावरही एक विनोद होता. चौतीस क्रमांकात हजारात दोन होत्या. म्हणजे तिच्याच पेशी चार वर्षं भावाला आतून ओरबाडत होत्या आणि त्यांना अडवायला तिच्यातलं कुणी तिकडे गेलंच नव्हतं. कॅन्सर गेला आणि बहीण राहिली, तिच्या मनात आलं. हसू येण्यासारखं वाक्य होतं, पण हसायला कुणी नव्हतं. लहानपणी तो रस्त्यावर मारामाऱ्या करून यायचा आणि आई वरून ओरडायची, "अगं, तू आवर त्याला!" ती जाऊन त्याची कॉलर धरायची, समोरच्या पोराचीही समजूत घालायची, दोघांना पाणी द्यायची. तिला स्वतःला कधी राग आल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. तिच्याही नव्हतं. मग हे कोण होते, जे त्याच्या अंगात जाऊन एवढे चवताळले?

"बाई, हे काय?" मागून आवाज आला. ज्यांच्या डोक्यातून हा अभ्यास निघाला त्या डॉक्टरीणबाई चष्मा कपाळावर ढकलून पडद्याकडे वाकल्या होत्या. त्यांच्यापुढे पहिल्या नळीची मोजणी होती. दुसऱ्या, मागाहून उघडलेल्या नळीची मोजणी तिनं कधी मिटवून टाकली ते तिला स्वतःलाही कळलं नाही. "चौतीसला निळा नाही? अहो, मग हे तर तुम्हीच!"

"माझ्याकडून अदलाबदल झाली असणार," ती म्हणाली.

"तुमच्याकडून? मग जगबुडी जवळ आली म्हणायची." डॉक्टरीणबाई हसल्या, पुन्हा वाकल्या. "पण आवरणाऱ्या हजारात दोनच दिसतायत. तुमचं रक्त कधीपासून इतकं तापट झालं?"

"भेसळ झाली असेल. थोडं माझं, थोडं त्याचं."

तोंडातून वाक्य गेलं आणि तिला वाटलं, आयुष्यात इतकं खरं आपण क्वचितच बोललो असू. आता एक वाक्य पुढे टाकायचं होतं फक्त: तो माझा भाऊ आहे. एवढ्यानं सगळं मिटलं असतं, त्याला पुन्हा सुई टोचावी लागली नसती. पण तिची जीभ टाळूला चिकटून बसली, अळीमिळी गुपचिळी, आणि डॉक्टरीणबाई सरळ उभ्या राहिल्या.

"भेसळीत थोडा तरी निळा दिसायला हवा होता. जाऊ दे, टाकून द्या. त्याला परत बोलवू शुक्रवारी. या वेळी दोघांचं एकाच खोलीत, एकाच वेळी, डासच्या हातून घ्यायचं आणि लेबलं तिथल्या तिथे. निरोगी तुम्हीच हव्यात हं, नाहीतर ताडून कशाशी बघणार?"

"दुसरं कुणी चालणार नाही?"

"का, आजारी आहात?"

"नाही."

"मग झालं तर. अकरा वाजता."

ती राहत होती त्या घरात एके काळी सगळे ओरडून बोलत. आईला ऐकू कमी येई, आणि यंत्र कानात घातलं की डोकं दुखतं म्हणून ती ते डब्यात घालून ठेवी, बटणांबरोबर. मग मीठ मागायचं तरी दवंडी पिटल्यासारखं, गुपित सांगायचं तरी चार मजल्यांना ऐकू जाईल असं. दारावर आलेल्या माणसाला वाटे, आत भांडण जुंपलंय, आणि तो पाऊल मागे घेई. आत असायचं काय, तर भाऊ आईला वर्गातल्या पोरांच्या नकला करून दाखवतोय. आई झोपली तरी कुणी आवाज खाली आणत नसे, आणायचा कशाला? तिच्या उशाशी ढोल वाजवले असते तरी ती उठली नसती. भावाचा मोठा आवाज याच घरातला. त्याच आवाजावर शाळेत त्याचं नाव होतं. आता खालच्या मजल्यावरची म्हातारी जिन्यात भेटली की म्हणे, "तुमच्याकडे हल्ली अगदी शांतता असते हो, बरं वाटतं." ती मान डोलवी. घरात शिरली की किल्ली ठेवल्याचा आवाज होई, मग नळाचा, मग एका ताटलीचा. आईची खुर्ची खिडकीशी होती तशीच. मंगळवारी संध्याकाळी ती घरी आली, तिनं चपला काढल्या नाहीत, दिवा लावला नाही, आणि खुर्चीच्या समोर उभी राहून बराच वेळ फक्त हे ठरवत राहिली की शुक्रवारी त्याला पहिला शब्द कोणता म्हणायचा. 'कसा आहेस' हे विचारायची सोय नव्हती. कसा आहे ते तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

चार वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात त्याला काचेच्या खोलीत ठेवलं होतं, चाळीस दिवस. तिच्या पेशी काढून त्याला दिल्या, आणि काढल्या तेव्हा ती फार खूश होती, हे तिला आता आठवायला नको वाटे पण आठवे. आयुष्यात पहिल्यांदा आपलं काहीतरी कुणाच्या तरी पूर्ण उपयोगी पडतंय असं तिला वाटलं होतं. त्याच्या रक्तातलं जुनं सगळं मारून टाकलेलं, नवं अजून रुजलेलं नाही. साधी शिंकसुद्धा त्याला भोवली असती. रोज दुपारी चारला तो फोन करायचा. "आईला दे," म्हणायचा. ती फोन आईच्या कानाला लावायची, तो तिकडून बोंब ठोकायचा, आईला एक अक्षर ऐकू यायचं नाही आणि ती खदाखदा हसायची. नवव्या दिवशी आई जेवली, खुर्चीत बसली, आणि दोन वाजून दहा मिनिटांनी गेली. काही म्हणाली नाही, हाक मारली नाही. बोटांत बाहीचं सुटलेलं बटण होतं, ते खाली पडून खुर्चीखाली घरंगळलं, त्यानं हिचं लक्ष गेलं. पुढचे दोन तास कसे गेले ते तिला सांगता आलं नसतं. मामा आला, शेजारी आले. चार वाजता फोन वाजला. "आईला दे." तिनं पलीकडच्या खोलीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "झोपलीय रे." बस्स. एवढंच.

त्या एका वाक्याला मग पुढचे एकतीस दिवस रोज टेकू द्यावे लागले. आई जेवली. आईचे गुडघे दुखतात. आई तुझी आठवण काढते. आईनं विचारलं, डोक्यावर केस आले का? मामा म्हणाला, "अगं, सांग त्याला, पोटचा पोर आहे तिचा," तेव्हा ती म्हणाली, डॉक्टर नको म्हणतात, धक्का सोसणार नाही. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, "सांगायचं की नाही ते तुम्ही घरच्यांनी ठरवा, पण माझं विचाराल तर..." आणि त्यापुढचं ती ऐकायला थांबलीच नव्हती. हे तिनं कुणालाही सांगितलेलं नव्हतं. एक्केचाळिसाव्या दिवशी तो घरी आला. टोपी, तोंडावर पट्टी, काठीसारखे हात. जिन्यात तिनं वाक्य जुळवून ठेवलं होतं, अगदी पाठ केलं होतं. तो सरळ आत गेला, खुर्चीपाशी उभा राहिला, गुंडाळून ठेवलेल्या गादीकडे पाहिलं. तिनं तोंड उघडलं. "राहू दे," तो म्हणाला. आठ दिवसांनी तो आपली पुस्तकं आणि नकाशे घेऊन शाळेजवळच्या खोलीवर गेला. नंतर तिचे फोन त्यानं उचलले नाहीत, आणि तिनंही पुढे केले नाहीत. रागावलेल्या माणसाला राग गिळायला वेळ द्यावा, असं तिचं जुनं शास्त्र होतं. तू मला आईचं तोंड बघू दिलं नाहीस, असं तो चार वर्षं तिच्या डोक्यात म्हणत आला होता. प्रत्यक्षात तो ते कधीच म्हणाला नव्हता. पण दुसरं काय म्हणणार? ती कामावरून येताना त्याच्या वतीनं स्वतःशी भांडायची, हरायची, आणि जिना चढायची. आपलेच दात, आपलेच ओठ.

शुक्रवारी खालच्या मजल्यावरच्या खोलीत ती पंधरा मिनिटं आधीच जाऊन बसली. हाताला फळी लावलेल्या दोन खुर्च्या, मध्ये स्टीलची थाळी, भिंतीवर हात धुवायच्या पद्धतीचं चित्र. डास सुया मांडत गुणगुणत होता. अकराला पाच कमी असताना दार उघडलं आणि एक म्हातारा आत आला. मग तिला दिसलं की तो म्हातारा नाही. मनगटापर्यंत बाह्या, गळ्यापर्यंत बटणं, चेहऱ्यावर काळपट डाग, आणि कातडी अशी ताणलेली की हसला असता तर उसवली असती. हातात पाण्याची बाटली. त्यानं खुर्च्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, बाटलीतून एक घोट घेतला.

"तू," तो म्हणाला. आवाज फळ्यावरच्या खडूसारखा खरखरीत होता. ज्या आवाजानं मागच्या बाकावरची पोरं दचकायची, तो हा.

"हं," ती म्हणाली.

"ओळखबिळख काढायची नाही इथे," डास आनंदानं म्हणाला. "हे निरोगी, हे चौतीस. नावं विचारायला मला बंदी आहे आणि तशीही माझ्या लक्षात राहत नाहीत. बसा चौतीस, बाही वर."

तिचं रक्त डासनं गप्पा मारता मारता काढलं. भावाच्या हाताशी मात्र तो गप्प झाला. कोपराजवळची कातडी चपलेच्या पट्ट्यासारखी झाली होती, टिचकी मारली तर टक्क आवाज येईल अशी. एकदा टोचलं, नाही. दुसऱ्यांदा, नाही. भावानं मान दुसरीकडे वळवली होती आणि पायाचा अंगठा बुटात दाबून धरला होता. लहानपणी दात काढताना तो असंच करायचा. हे दुसऱ्यांदाचं टोचणं आपल्यामुळे आहे, तिला वाटत राहिलं, आपल्या एका न बोललेल्या वाक्यासाठी. "मनगटाच्या वर बघा," ती म्हणाली, "अंगठ्याच्या बाजूला." डासनं पाहिलं. नळी भरायला लागली. त्यानं दोन्ही नळ्यांवर तिथल्या तिथे लेबलं लावली, दोघांच्या हातावर कापसाचा बोळा ठेवला, हात कोपरात दुमडायला लावले. "पाच मिनिटं दाबून धरा. मी हे वर देऊन येतो, नाहीतर या बाई पुन्हा घोटाळा करायच्या," असं म्हणून तो गेला.

दोघं हात दुमडून शेजारी शेजारी बसून राहिली. बाहेरच्या पॅसेजमध्ये कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेली. तिनं मंगळवारपासून जुळवलेलं एकही वाक्य जागेवर नव्हतं.

"घोटाळा झाला नव्हता," ती शेवटी म्हणाली. "मी खोटं सांगितलं. पहिल्या वेळीच मला कळलं होतं ते तुझं रक्त आहे."

"तू खोटं सांगितलंस," तो म्हणाला, "त्यात नवीन काय?" आणि त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला, दुखलं असावं, त्यानं पाणी प्यायलं.

"मला माफ कर रे. तुला आईचं तोंड बघता आलं नाही, माझ्यामुळे."

"तोंड?" त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. डोळे लाल होते, कोरडे, पापण्या मिटताना अडखळत होत्या. "काचेच्या खोलीतून मला कसं दिसणार होतं तोंड? मी काय वेडा आहे? मला त्याच दिवशी कळलं होतं, ताई."

तिला चार वर्षांत कुणी ताई म्हटलं नव्हतं.

"'झोपलीय रे' म्हणालीस. हळू. आपल्या घरात आई झोपली म्हणून कधी कुणी हळू बोललंय?" त्यानं घोट घेतला. "मी फोन ठेवला आणि नर्स आत येईपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडलो. म्हटलं, आज हिला जमत नसेल, उद्या सांगेल. उद्या तू सांगितलंस, आईचे गुडघे दुखतात. मी विचारलं, तेल लावलंस का. तू म्हणालीस, हो लावलं. एकतीस दिवस, ताई. मी रोज विचारायचो, तुला एखाद्या दिवशी रडू येईल म्हणून. तू रडलीसच नाहीस. मी एकटाच रडलो तिथे. आता तर तेही येत नाही."

"मग आलास तेव्हा का थांबवलंस? मी सांगणार होते."

"तू तोंड उघडलंस तेव्हा तुझा चेहरा असा होता, समजूत घालायचा. पोरांना पाणी द्यायचीस तसा. मला ती समजूत नको होती." त्यानं बोळा उचलून पाहिला, पुन्हा दाबला. "इथेही विचारलं त्यांनी, बहिणीला बोलवू का? मी लिहिलं, नाही. लगेच धावत येशील आणि म्हणशील, सगळं ठीक होईल. पण आलो इथेच. दुसऱ्या दोन ठिकाणी हाच अभ्यास चालू आहे, तिथे नाही गेलो."

तिच्या तोंडाशी आलंच होतं, होईल रे सगळं ठीक. तिनं ते गिळलं. ते गिळायला तिला सगळा जोर लावावा लागला.

"सांग आता," तो म्हणाला.

"काय सांगू?"

"तेच. मला अजून कुणी सांगितलेलं नाही."

"आई गेली," ती म्हणाली.

"मोठ्यानं."

तिनं श्वास घेतला. आपला आवाज कुठे ठेवला होता तेच तिला क्षणभर सापडेना. मग तो आला, चार मजल्यांना ऐकू जाईल असा, चिरका, घरचा. "आई गेली रे!" पॅसेजमधली चाकाची खुर्ची थांबली. कुणीतरी दारातून डोकावलं आणि मागे झालं. ती रडत होती, हात कोपरात दुमडलेला तसाच ठेवून, नाकातून, तोंडातून, लाज न बाळगता.

"कधी?" तोही खरखरीत ओरडला. आईशी बोलावं तसा.

"दोन वाजून दहा मिनिटांनी! खुर्चीत! हातात बटण होतं, बाहीचं!"

"लावायचं राहिलं होतं?"

"राहिलं होतं!"

तो मान डोलवत राहिला. मग त्यानं खिशातून औषधाची बुटकी बाटली काढली आणि तिच्यापुढे धरली. "घाल. माझा हात हलतो, निम्मं बाहेर जातं." ती उठली. कापसाचा बोळा खाली पडला, त्याकडे तिनं पाहिलं नाही. त्याची हनुवटी धरून मान मागे केली, पापणी बोटानं वर उचलली. कातडी गरम होती. एका डोळ्यात दोन थेंब, दुसऱ्यात दोन. एक थेंब जास्त झाला, डोळ्यात मावला नाही, आणि डागांवरून वाट काढत गालावर उतरायला लागला. पुसायला तिनं सवयीनं पदर पुढे केला.

"राहू दे," तो म्हणाला.